निंबू-मोसंबी सोलताना हात कसा सांभाळायचा

मैत्रिणींनो, जळगावचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला केळीच आठवते. केळीची गोष्ट सोपी आहे. तिला चाकू लागत नाही, विळी लागत नाही, तीन वर्षांचं पोरगंही आपलं आपण सोलून खातं. पण आपल्याकडे जामनेर, पाचोरा, भडगाव या भागात मोसंबीच्या बागाही आहेत. निंबाचं झाड तर जळगाव काय नि धुळे काय, बांधावर, विहिरीजवळ, परसात कुठेही दिसतं. हिवाळ्यात नागपूरची संत्री बाजारात येतात. ही फळं घरी आली की ती सोलायचं आणि चिरायचं काम बहुतेक बाईकडेच असतं.

हे काम इतकं रोजचं आहे की त्यात शिकण्यासारखं काय, असं वाटेल. पण हिशेब करून पाहा. संत्री आणि मोसंबी घरात असतात त्याच दिवसांत कापूस वेचणी चालू असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. उजव्या हाताचं एक बोट चिंधीत गुंडाळलं की बोंडातून कापूस ओढता येत नाही, बोंडाची टोकं बोटाला टोचतात, वजन निम्म्यावर येतं. स्वयंपाकघरातल्या एका चुकीच्या कापामुळे आठ दिवसांची मजुरी जाते. वर निंबाचा रस आणि लोणच्याचं मीठ त्या जखमेत गेलं तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरा धोका कमी माहितीचा आहे. तो चाकूचा नाही, सालीचा आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. घाईत असाल तर निदान तो भाग तरी वाचाच.

सालीत असतं काय?

मोसंबीची साल नीट पाहिली तर वरच्या रंगीत भागावर बारीक बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या इवल्या पिशव्या आहेत. साल दाबली की त्यातून बारीक फवारा उडतो, वास सुटतो आणि डोळ्यात गेला तर झोंबतं. या तेलानेच बोटं आणि चाकूची मूठ गुळगुळीत होते. त्याखाली पांढरा मऊ थर असतो आणि त्याच्या आत पापुद्र्यात गुंडाळलेल्या फोडी. सोलणं म्हणजे पांढरा थर आणि फोडी यांच्यामधली वाट शोधणं. ही वाट सापडली तर जोर लागत नाही. जोर लागतोय म्हणजे चाकू वाट सोडून चाललाय, असं समजायचं.

नागपूरच्या संत्र्यात ही वाट मोकळीच असते. साल सैल असल्याने ते नुसत्या अंगठ्याने सुटतं. (या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.) त्याला चाकू लावूच नका. देठाजवळ अंगठा घाला आणि खाली ओढा. नख लहान असेल किंवा साल वाळून कडक झाली असेल तर चमच्याच्या दांड्याचं टोक वापरा. दातांनी साल फोडायची सवय पोरांना असते, ती मोडा. सालीवर फवारणीचं औषध असू शकतं आणि सालीचं तेल ओठाला लागलं की आग होते. बाजारात येणारा किन्नू दिसायला संत्र्यासारखा असला तरी त्याची साल जास्त चिकटून असते. त्याला मोसंबीच्या पद्धतीने घ्या.

मोसंबी: आधी बसायला जागा द्या

मोसंबी आफ्रिकेतल्या मोझांबिककडून आली आणि त्यावरून तिचं नाव पडलं, असं सांगतात. ती कुठूनही आली असो, तिची साल घट्ट आहे आणि फळ गोल आहे. गोल वस्तू फळीवर ठेवून धारदार पात्याने कापणं म्हणजे पळत्या कोंबडीला धरण्यासारखं आहे. म्हणून पहिलं काम फळाला बसवणं.

मोसंबी धुऊन कोरडी पुसा. ओली मोसंबी सोलू नका. मग ती फरशीवर ठेवून तळहाताने थोडं दाबत दहा-बारा वेळा गोल फिरवा, आतून साल थोडी सुटते. आता देठाकडची आणि खालची अशा दोन पातळ चकत्या कापून टाका. आतला गर जेमतेम दिसेल एवढंच कापायचं. झालं, फळ सपाट झालं. ते फळीवर उभं करा. फळीखाली ओलं फडकं टाका म्हणजे फळी सरकत नाही.

इथून दोन रस्ते आहेत. फोडी अख्ख्या हव्या असतील तर वरून खाली पाच-सहा चिरा द्या, सालीच्या जाडीएवढ्याच. चाकूचं टोक तेवढं मोकळं ठेवून बाकी पातं बोटांच्या मागे धरलं की चीर खोल जात नाही. मग चमच्याचा दांडा चिरेत घालून साल उचकटा. चाकूने उचकटू नका, बोटं बहुतेक तिथेच कापतात. रस काढायचा असेल तर चिरा न देता वरून खाली फळाच्या गोलाईने सालीच्या पट्ट्याच उतरवा. चाकू नेहमी फळीकडे जाईल, आपल्या अंगठ्याकडे कधीच नाही. फळ धरणारा हात पात्याच्या मागे आणि वरच्या बाजूला राहील. आपल्या आया बटाटा सोलतात तसं फळ हातात धरून, चाकू अंगठ्याकडे ओढत सोलायची सवय आपल्याला आहे. बटाट्याला ती चालते, कारण बटाट्याची साल पातळ आणि कोरडी. मोसंबीच्या सालीवर तेल असतं, पातं घसरलं की सरळ अंगठ्यात.

साल फारच घट्ट असेल तर मोसंबी कडक गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा आणि झाऱ्याने बाहेर काढा. पांढरा थर मऊ पडतो. ही युक्ती वीस-पंचवीस मोसंब्या एकदम सोलायच्या असतील तेव्हा फार उपयोगी पडते.

विळी की चाकू की सोलणी?

विळीवर आपला जन्म गेलाय, त्यामुळे विळी वाईट असं कोणी म्हणणार नाही. उलट विळीत एक सोय आहे, पातं जागेवर असतं आणि दोन्ही हात फळ धरायला मोकळे राहतात. भाजी चिरायला, मोसंबीचे दोन भाग करायला विळी उत्तम. पण साल उतरवायला मात्र ती योग्य नाही. गोल फळ पात्यावर फिरवताना बोटं पात्याच्या अगदी जवळून जातात आणि तेलकट साल निसटते. कापायला विळी, सोलायला फळी आणि छोटा चाकू, अशी वाटणी करून टाका.

विळीवर बसताना पाट कोरडा हवा, पाय त्यावर घट्ट हवा. मांडीवर बाळ घेऊन बसायचं नाही. फोन वाजला, दारात कुणी हाक मारली, तर आधी पातं दुमडायचं, मग उठायचं. दुमडत नसेल अशी जुनी विळी असली तर काम झाल्यावर तिचं तोंड भिंतीकडे करून उंचावर ठेवायची.

धारेबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. बोथट चाकूने कमी कापतं, म्हणून घरात मुद्दाम बोथट चाकू ठेवतात. खरं उलट आहे. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेला चाकू निसटला की तो जोर बोटावर येतो. गल्लीत सायकलवर धार लावणारा आला की चाकू आणि विळी दोन्ही लावून घ्या.

तालुक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात साल काढायची सोलणी मिळते, कोणी तिला पीलर म्हणतं. बटाटा-काकडीसाठी ती चांगली. मोसंबीला मात्र तिने फक्त वरची रंगीत साल निघते, पांढरा थर तसाच राहतो. म्हणजे सालीचा मुरंबा किंवा कँडी करायची असेल तर सोलणी हवी, नुसतं फळ खायचं असेल तर तिचा उपयोग नाही. सोलणी हातात धरलेल्या फळावर न चालवता फळीवर टेकवलेल्या फळावर चालवा.

एक साधं अवजार मात्र घ्यावं असं मी म्हणेन. बोटाएवढी प्लास्टिकची पट्टी असते, एका टोकाला बारीक आकडा आणि दुसऱ्या टोकाला चपटी जीभ. आकड्याने साल वरून खाली चिरायची आणि जिभेने उचकटायची. तिला धार नसते, त्यामुळे ती शाळकरी मुलीच्या हातातही देता येते. नाही मिळाली तर चमच्याचा दांडा आहेच.

किसणीवर निंबाची साल किसत असाल तर शेवटचा तुकडा सोडून द्या. त्या बोटभर सालीसाठी बोटाचं टोक घालवण्यात अर्थ नाही.

निंबू: छोटं फळ, मोठा घाव

निंबू आपण सहसा सोलत नाही, चिरतो. ‘साई सरबती’सारख्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या जातीची साल तर कागदासारखी पातळ. तरी निंबावर हात कापण्याचं प्रमाण जास्त वाटतं, कारण फळ लहान आणि बोटं पात्याला चिकटून.

पावसाळ्यात निंबू स्वस्त होतं तेव्हा घराघरात लोणचं पडतं, गटाचीही ऑर्डर असते. शे-दोनशे निंबं एका बैठकीत चिरायची. पहिला काप घालून दोन भाग केले की कापलेली बाजू खाली टेकवा, मग पुढचे काप घाला. ती बाजू सपाट आहे, फोड हलणार नाही. भरल्या निंबासाठी खालून अख्खं ठेवून वरून चार चिरा देतो, तेव्हा निंबू तळहातावर ठेवून चाकू मारायची पद्धत आहे. ती सोडाच. निंबू फळीवर दोन चमच्यांच्या दांड्यांमध्ये ठेवा आणि वरून चाकू दाबा. पातं दांड्यांवर अडतं, निंबू खालून अख्खं राहतं, तळहात वाचतो आणि सगळ्या चिरा सारख्या पडतात.

शेजारी कोरडं फडकं ठेवा आणि दर आठ-दहा निंबांनंतर हात व मूठ पुसा. तासाभराने चिरणारी बाई बदला. थकलेला हात चुकतो. पातळ प्लास्टिकचे हातमोजे स्वच्छतेसाठी ठीक आहेत, चाकूपासून ते वाचवत नाहीत.

निंबू पिळायच्या दांड्याच्या चिमट्यात अर्धं निंबू कापलेली बाजू भोकांकडे, म्हणजे खाली करून ठेवायचं असतं. बऱ्याच जणी उलटं ठेवतात आणि रस डोळ्यात उडतो. उडालाच तर चोळू नका, साध्या पाण्याने बराच वेळ धुवा.

निंबाचा हात आणि ऊन

आता तो दुसरा धोका. निंबाचा रस किंवा सालीचं तेल कातडीवर लागलं, ते न धुता आपण उन्हात गेलो, तर त्या जागी भाजल्यासारखं होतं. लगेच नाही. एक दिवस काही कळत नाही. मग लाली येते, आग होते, दोन-तीन दिवसांत पाण्याचे फोडही येऊ शकतात. पुढे तिथे काळपट डाग पडतो आणि तो काही आठवडे, कधी कधी काही महिने राहतो.

कारण असं की निंबात, विशेषतः सालीत, फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्यावर ऊन पडलं की ती कातडीला जाळतात. नुसत्या निंबाने होत नाही, नुसत्या उन्हानेही तसं होत नाही, दोन्ही एकत्र आले की होतं. हे काही नवं नाही. कोडावर बावची लावून उन्हात बसवण्याचा जुना उपाय आहे ना, तो याच कुळातल्या द्रव्याच्या जोरावर चालतो. तो उपायही वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये, त्यानेही कातडी भाजते.

उशीर लागतो म्हणूनच कुणाला निंबाची शंका येत नाही. सोमवारी लोणचं केलं, दुपारी निंदायला गेली, बुधवारी मनगटावर फोड आले. मग कोणी म्हणतं गरम तेल उडालं असेल, कोणी म्हणतं किडा चावला. रस ओघळला असेल तशी फोडांची रेघ उठते, तेव्हा तर नागीण म्हणून मंत्र टाकायला नेतात. निंबाच्या हाताने बाळाला उचलून अंगणात गेलो तर बाळाच्या अंगावर आपल्या बोटांच्या आकाराचे डाग उठू शकतात. हे दैवाचं नाही, कोणाच्या नजरेचंही नाही. निंबाचं आणि उन्हाचं आहे.

खान्देशात हे जास्त लक्षात ठेवायला हवं, कारण आपल्याकडचं ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसला टेकतो आणि नेमकं तेव्हाच सरबत होतं. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी, पाहुणे, पोरं, सगळ्यांसाठी निंबं पिळायची आणि त्याच हाताने पापड-कुरडया वाळत घालायला गच्चीवर जायचं. ढगाळ दिवस असला तरी पूर्ण सूट नाही.

उपाय बिनपैशाचा आहे. निंबाचं काम झालं की उन्हात जायच्या आधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने सालीचं तेल जात नाही. पोरांनी निंबू चोखलं असेल तर त्यांचं तोंडही धुवा. चेहरा उजळायला, कोपराचा काळेपणा घालवायला निंबाची फोड चोळतात, ती चोळून उन्हात गेलं तर काळेपणा जायचा बाजूला, नवा डाग पडतो. चेहऱ्यावर ते करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

झालंच तर ती जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवा, कापडाने झाका, काही दिवस उन्हापासून जपा. फोड फोडू नका. फोड मोठे असतील, डोळ्याजवळ असतील किंवा लहान मुलाला झालं असेल तर दवाखान्यात दाखवा आणि निंबाचं काम केलं होतं हे डॉक्टरांना आपणहून सांगा. काळा डाग घासून जात नाही, तो हळूहळू आपोआप फिकट होतो.

कापलंच तर

स्वच्छ कोरड्या कापडाने जखम दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचलून ठेवा. सलग दहा मिनिटं, मध्ये उघडून पाहायचं नाही. रक्त थांबलं की वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ पट्टी बांधा. चहापत्ती, चुना, राख, तंबाखू यातलं काही जखमेत भरू नका. हळदसुद्धा डब्यातली असते, तिच्यात स्वयंपाकघरातले सगळे हात जाऊन आलेले असतात.

दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल, टोक बधिर झालं असेल किंवा घाव खोल दिसत असेल तर घरी वाट पाहू नका. रक्तस्राव जास्त असेल तर १०८ ला फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं. धनुर्वात गंजामुळे होतो असं आपण म्हणतो, पण त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. म्हणून चकचकीत विळीसुद्धा जमिनीवर पडलेली असली तर इंजेक्शनबद्दल विचारायचंच. साखरेचा आजार असलेल्या बायांनी छोटी जखमही दाखवावी, त्यांची भरायला वेळ लागतो.

हाताला जखम असलेल्या बाईने त्या दिवशी गटाच्या लोणच्याला हात लावायचा नाही. तिची मजुरी बुडू नये म्हणून तिला वजन करायचं, लेबल लावायचं काम द्या, हे आधीच बैठकीत ठरवून ठेवा.

साली टाकायच्या का?

टाकू नका, पण वापरायच्या असतील तर सोलायच्या आधी फळ कोमट पाण्यात चोळून धुवा. सोलून झाल्यावर साल धुतली तर वरची घाण आत गेलेली असते. बाहेरून येणाऱ्या फळांवर चमक यावी म्हणून मेणही लावलेलं असतं. घरच्या बागेत नुकतीच फवारणी झाली असेल तर त्या साली खायला वापरूच नयेत. साली थर्माकोलच्या भांड्यात ठेवू नका, सालीचं तेल थर्माकोल विरघळवतं. त्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी लग्नकार्यात अजून दिसतात. निंबाचं आंबटपण तांब्या-पितळेलाही खातं, म्हणून बिनकल्हईच्या भांड्यात ना फोडी ठेवा ना रस. स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणी घ्या.

मोसंबी-संत्र्याच्या सालीची कँडी करायची तर पांढरा थर चमच्याने खरवडून काढा, कडूपणा बराचसा त्यात असतो. मग साली दोन वेळा उकळून दोन्ही वेळा पाणी फेकून द्या आणि नंतर साखरेच्या पाकात टाका. पावडर करायची तर साली सुती कापडावर एकेरी पसरून वाळवा, वरून दुसरं पातळ कापड टाका म्हणजे धूळ-माशी बसत नाही, आणि पसरून झाल्यावर हात धुवायला विसरू नका. वाकवली तर न वाकता कट्‌कन मोडली पाहिजे, तेव्हाच ती मिक्सरला लावा. लवचीक असताना दळली तर चार दिवसांत डब्यात बुरशी धरते.